केनियाचं क्रिकेट गेलं कुठे? आणि आफ्रिकेत हे सगळं चालवतं कोण?

सोलापूरचा_ऑफस्पिनर

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडहुकला नामिबियाने साऊथ आफ्रिकेला टी-२० मध्ये शेवटच्या बॉलवर हरवलं ना, ती मॅच मी पूर्ण बघितली. नवीन ग्राउंडवरची पहिलीच मॅच आणि त्यात हा निकाल, पब्लिक नुसतं वेडं झालं होतं. नामिबियाची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या पुणे शहरापेक्षा कमी, आणि ते लोक चार टी-२० वर्ल्डकप ओळीने खेळतात!

ते बघताना सारखी केनिया आठवत होती. २००३ ला मी शाळेत होतो, डरबनची ती सेमीफायनल, गांगुलीची सेंच्युरी, आपण ९१ रनांनी जिंकलो वगैरे सगळं पाठ आहे. पण टिकोलो, ओडोयो, कॉलिन्स ओबुया यांच्याबद्दलही तेव्हा वर्गात तेवढंच बोलायचो आम्ही. सगळ्यांना वाटायचं की पुढची टेस्ट टीम हीच. आणि मग? २०११ चा वर्ल्डकप खेळले, सगळ्या मॅचेस हरले, त्यानंतर मोठ्या स्पर्धेत नावच नाही. मधल्या काळात युगांडा २०२४ च्या टी-२० वर्ल्डकपला जाऊन आली, रवांडाच्या पोरी जिंकतायत, नायजेरियाच्या पोरींनी न्यूझीलंडला हरवलं.

तर हे नक्की काय झालं? केनियावर अन्याय झाला की त्यांनीच स्वतःची वाट लावली? आणि आफ्रिकेत एवढे देश, त्यांच्या स्पर्धा, क्वालिफायर वगैरे कोण ठरवतं, पैसे कुठून येतात? कोणाला नीट माहिती असेल तर सविस्तर लिहा प्लीज, घाई नाही.

पूर्व_स्टँड

छान विषय काढलात. केनिया म्हटलं की मी गप्प बसूच शकत नाही कारण २९ फेब्रुवारी १९९६ ला मी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर होतो. वेस्ट इंडीज बघायला गेलो होतो, लारा बघायला खरं तर. केनिया पहिली बॅटिंग करून १६६ ला ऑलआऊट, आणि त्यातही सगळ्यात जास्त रन कोणाचे तर एक्स्ट्राचे, ३७! आमच्या शेजारचे एक काका डबा उघडून बसले, म्हणाले आता लारा येईल, दोन तासांत संपेल, चार वाजता घरी.

मग रजब अलीने रिचर्डसनचा दांडा उडवला. लारा आला, ८ रन, आणि विकेटकीपर तारिक इक्बालच्या हातात कॅच. तारिक इक्बाल म्हणजे चष्मा लावलेला, अंगाने भरलेला माणूस, सकाळपासून त्याच्या हातातून बॉल निसटत होते, हाही निसटतोय की काय असं वाटलं आणि कसाबसा धरला त्याने. त्या क्षणानंतर अख्खं स्टेडियम केनियाचं झालं. खरं सांगतो, पुण्याच्या लोकांनी त्या दिवशी केनियाला दिलेल्या टाळ्या मी भारताच्या मॅचलाही कमी ऐकल्यात. ओडुंबेने १० ओव्हरमध्ये १५ रन देऊन ३ काढले, वेस्ट इंडीज ९३ ला खलास. अँब्रोज, वॉल्श असलेली टीम हो ती.

आणि हे तुक्क्याने झालं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: १९९८ ला ग्वाल्हेरला त्यांनी आपल्याला ६९ रनांनी हरवलं, २००१ ला पोर्ट एलिझाबेथला ७० रनांनी. दोन्ही वेळा भारत. मग २००३ च्या वर्ल्डकपमध्ये नैरोबीत श्रीलंकेला, पुढे बांगलादेशला, झिम्बाब्वेला. न्यूझीलंड सुरक्षेच्या कारणाने नैरोबीला गेली नाही, त्याचे पॉइंट आयते मिळाले हे खरंय, पण बाकीच्या मॅचेस त्यांनी मैदानात जिंकल्या. कोच कोण होते माहितीये ना? आपले संदीप पाटील. त्यामुळे मुंबई-पुण्यात तर ती टीम जवळजवळ घरचीच वाटायची.

माझं मत सरळ आहे. केनियाला तेव्हा टेस्ट स्टेटस किंवा निदान वर्षाला पंधरा-वीस वनडे द्यायला हव्या होत्या. सेमीफायनल खेळलेल्या टीमला २००४ मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीच्या दोन वनडे आणि २००५ मध्ये एकही नाही. एकही नाही! कुठली टीम टिकेल अशाने? आणि त्याच वर्ल्डकपमध्ये कॅनडाकडून, केनियाकडून हरलेल्या बांगलादेशला मात्र २००० पासून टेस्ट स्टेटस.

स्कोअरबुक

पूर्व_स्टँड काका, तुमचा अनुभव वाचून काटा आला अंगावर. पण बांगलादेशची तुलना थोडी बाजूला ठेवू, तिकडे प्रेक्षक आणि टीव्हीचा बाजार होता, केनियात स्टेडियम भरायला माणसं नव्हती हेही तितकंच खरं.

मी जरा मागचं सांगतो कारण त्याशिवाय आफ्रिकेचं ऑर्गनायझेशन समजतच नाही. साऊथ आफ्रिका पहिली टेस्ट १८८९ ला खेळली, १९०९ ला आयसीसीची स्थापना झाली तेव्हाच्या तीन मेंबरांपैकी एक. म्हणजे खंडातल्या एका टोकाला एवढं जुनं क्रिकेट, पण ते गोऱ्यांपुरतं, आणि उरलेल्या आफ्रिकेशी त्याचा काही संबंध नाही. १९७० पासून वर्णभेदामुळे बाहेर, १९९१ ला दोन वेगवेगळी बोर्डं एक होऊन परत. जो देश बाकीच्यांचा मोठा भाऊ व्हायला हवा होता तो वीस वर्षं खोलीबाहेरच होता.

दुसरीकडे पूर्व आफ्रिका. तिथे इंग्रज आणि रेल्वे, दुकानदारी, नोकरीसाठी गेलेले आपले लोक यांच्यात क्रिकेट वाढलं. एकेका देशाची टीम मोठ्या स्पर्धेला पुरेल अशी नव्हती म्हणून केनिया, युगांडा, टांझानिया, झांबिया मिळून 'ईस्ट आफ्रिका' नावाची एक टीम. १९७५ च्या पहिल्या वर्ल्डकपला ही टीम होती. ११ जून १९७५, हेडिंग्ले, भारताविरुद्ध १२० ऑलआऊट. बेदीची बॉलिंग बघा: १२ ओव्हर, ८ मेडन, ६ रन, १ विकेट. मग गावसकर नाबाद ६५, इंजिनिअर नाबाद ५४, दहा विकेटनी मॅच खिशात. भारताचा वनडेतला पहिला विजय तो, आणि समोर कॅप्टन हरिलाल शाह! त्या टीममध्ये बहुतेक सगळे तिकडे स्थायिक झालेले आशियाई. आणि तीन वर्षं आधीच, १९७२ ला, इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं होतं, तिथल्या क्रिकेटचा अर्धा कणाच गेला.

पुढे १९८१ ला केनिया वेगळी झाली, उरलेल्यांची १९८९ पासून 'ईस्ट अँड सेंट्रल आफ्रिका', तिकडे नायजेरिया, घाना, सिएरा लिओन, गांबिया यांची 'वेस्ट आफ्रिका'. आता या एकत्र टीमचा तोटा बघा, युगांडातल्या पोराला देशाची कॅपच नाही, चार देशांच्या बारा-चौदा पोरांत जागा मिळाली तर मिळाली. नव्वदच्या शेवटाला आणि २००० नंतर प्रत्येक देश आपापला मेंबर झाला आणि मग खरी वाढ सुरू झाली.

एकच माणूस सांगतो म्हणजे सगळं कळेल. फ्रँक न्सुबुगा. १९९७ ची आयसीसी ट्रॉफी (टेस्ट न खेळणाऱ्या देशांची स्पर्धा) त्याने सोळाव्या वर्षी 'ईस्ट अँड सेंट्रल आफ्रिका'कडून खेळली. आणि २०२४ च्या वर्ल्डकपला गयानात पापुआ न्यू गिनीविरुद्ध, वय ४३, युगांडाच्या पिवळ्या जर्सीत: ४ ओव्हर, २ मेडन, ४ रन, २ विकेट. युगांडा तीन विकेटनी जिंकली, वर्ल्डकपमधला पहिला विजय. एका माणसाच्या करिअरमध्ये अख्ख्या पूर्व आफ्रिकेचा इतिहास बसलाय.

नैरोबीची_स्वाती

नमस्कार, मी बरीच वर्षं नैरोबीत आहे, माझा मुलगा इथे ज्युनिअर क्रिकेट खेळतो म्हणून शनिवार-रविवार ग्राउंडवरच जातात. थोडं इथलं सांगते.

स्कोअरबुक दादांनी लिहिलं ते बरोबर आहे पण केनियाचं दुखणं मला दुसरीकडे दिसतं. २००३ ची आणि त्याआधीची टीम घ्या आणि आडनावं वाचा. टिकोलो भाऊ, ओडुंबे भाऊ, सुजी भाऊ मार्टिन आणि टोनी, ओबुया तिघं (केनेडी ओटिएनो हा ओबुयाच, डेव्हिड आणि कॉलिन्सचा भाऊ). नंतर एन्गोचे घर, त्यातले भाऊ तर खेळलेच पण बहीण मार्गारेट एन्गोचे महिलांच्या टीमची कॅप्टन झाली. म्हणजे चार-पाच घरं आणि नैरोबीतले मोजके क्लब, स्वामीबापा, कानबीस, सर अली मुस्लिम, जिमखाना. यातले बरेच क्लब एकेका समाजाने उभे केलेले. त्यांनी आपल्या ग्राउंडजवळच्या स्थानिक पोरांना घेतलं, किट दिलं, खेळवलं, हे खूप मोठं काम आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण जी पोरं त्या भिंतीशेजारी राहत होती तीच आली हो. किसुमूचा, एल्डोरेटचा, नाकुरूचा मुलगा क्रिकेटपर्यंत पोचलाच नाही, तो फुटबॉल खेळला, रनिंगला गेला, रग्बीला गेला.

ती एक पिढी एकदम वर आली आणि एकदमच म्हातारी झाली. मागे कोणी उभंच नव्हतं. त्यातच बोर्डाची भांडणं, खेळाडूंचे पैसे थकले, संप झाले, २००४ ला ओडुंबेवर बुकींशी संबंधावरून पाच वर्षांची बंदी, २००५ ला जुनी असोसिएशन जाऊन नवीन 'क्रिकेट केनिया' आलं, समीर इनामदार अध्यक्ष झाले, थोडी घडी बसतेय म्हणेपर्यंत परत गट-तट. शेवटी २०१४ ला वनडे स्टेटस, म्हणजे त्यांच्या मॅचेस अधिकृत वनडे धरल्या जाण्याचा दर्जा, गेला. वनडे स्टेटस गेलं की आयसीसीचे पैसे कमी, पैसे कमी की खेळाडूंना करार नाही, करार नाही की चांगला पोरगा बँकेत नोकरीला लागतो. मी स्वतः बघितलीयेत अशी मुलं, एकोणीस-वीस वर्षांची, सुंदर कव्हर ड्राइव्ह, आणि पुढच्या सीझनला दिसतच नाहीत, विचारलं तर कळतं इन्शुरन्स विकतोय.

इथल्या एका क्लबमध्ये टर्फ विकेट फक्त सीनियर मॅचला मिळते, ज्युनिअर पोरं प्रॅक्टिसला मॅटिंगवर खेळतात, पावसाळ्यात मॅट उचलायला आईबापच धावतात. तक्रार म्हणून नाही सांगत, वस्तुस्थिती म्हणून सांगतेय.

पूर्व_स्टँड काका, वनडे मिळाल्या नाहीत हे खरंच. पण मिळाल्या असत्या तरी २००८ ला खेळायला कोण होतं?

पूर्व_स्टँड

स्वातीताई, मुद्दा मान्य, पण उलटं बघा ना. मॅचेस मिळाल्या असत्या तर टीव्हीचे पैसे आले असते, त्यातून शाळांपर्यंत जाता आलं असतं. कोंबडी आधी की अंडं तसं आहे हे. नैरोबीत २००० साली आयसीसी नॉकआउट झाली, श्रीरामपूरच्या झहीर खानने पहिली वनडे तिथेच खेळली, युवराजही त्याच मॅचमध्ये टीममध्ये आला. आयसीसीला स्पर्धा भरवायला नैरोबी चालत होतं, मग नंतर का नाही?

आकडेमोड

आता पैसे आणि रचना. मी हे जरा जवळून फॉलो करतो.

आयसीसीने जग पाच भागांत वाटलंय, त्यातला एक आफ्रिका. फुल मेंबर (म्हणजे टेस्ट खेळणारे) दोनच, साऊथ आफ्रिका आणि झिम्बाब्वे, बाकी सगळे असोसिएट. आफ्रिकन क्रिकेट असोसिएशन १९९७ पासून आहे पण आपल्या एशियन क्रिकेट काउन्सिलसारखी ती श्रीमंत नाही, कारण आशिया कपसारखी दुभती स्पर्धा तिच्याकडे नाही. आफ्रो-आशिया कप २००५ आणि २००७ ला झाला, टिकोलो आणि ओडोयो आफ्रिका इलेव्हनकडून खेळले, आणि मग बंद. त्यामुळे क्वालिफायर, कोचिंग, पंच तयार करणं यात खरा हात आणि खरा पैसा आयसीसीच्या डेव्हलपमेंट विभागाचाच.

आता पैसा किती? २०२४ ते २०२७ साठी जे वाटप ठरलं त्यात भारताला एकट्याला साडेअडतीस टक्के, आणि जगातले सगळे असोसिएट, नव्वदपेक्षा जास्त देश, मिळून अकरा टक्क्यांच्या आसपास. झिम्बाब्वेला तीन टक्क्यांच्या आत. आपल्यामुळे पैसा येतो म्हणून आपल्याला जास्त हा युक्तिवाद मला कळतो, पण अकरा टक्क्यांत नव्वद देश हे मला पटत नाही, भारतीय म्हणूनही पटत नाही.

एक गोष्ट मात्र आयसीसीने खरंच चांगली केली. महिलांसाठी जुलै २०१८ पासून आणि पुरुषांसाठी जानेवारी २०१९ पासून सगळ्या मेंबर देशांच्या आपसातल्या टी-२० ला आंतरराष्ट्रीय दर्जा दिला. लोक यावर नाक मुरडतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये नैरोबीत झिम्बाब्वेने गांबियाविरुद्ध ३४४ केले, सिकंदर रझा ४३ बॉलमध्ये १३३, पुढच्याच महिन्यात लागोसला नायजेरियाने आयव्हरी कोस्टला ७ रनांत गुंडाळलं. सात. लोक म्हणाले हे काय इंटरनॅशनल क्रिकेट? माझं म्हणणं, आयव्हरी कोस्टसारख्या फुटबॉलवेड्या देशाची क्रिकेट टीम लागोसला जाऊन खेळतेय हीच बातमी आहे. पहिल्यांदा सात होतील, मग सत्तर होतील. आपल्या गावच्या टीमचंही पहिल्या तालुका स्पर्धेत काय होतं ते आठवा.

आणि याच रचनेतून युगांडा आली. आधी सब-रिजनल क्वालिफायर, त्यातून वर आलेले रिजनल फायनलला. नोव्हेंबर २०२३, विंडहुक, सात टीम, दोन जागा: नामिबिया, झिम्बाब्वे, युगांडा, केनिया, नायजेरिया, टांझानिया, रवांडा. युगांडाने झिम्बाब्वेला पाच विकेटनी हरवलं आणि फुल मेंबर झिम्बाब्वे घरी बसली. त्या युगांडाच्या टीमचा लेफ्ट आर्म स्पिनर अल्पेश रामजानी मुंबईत जन्मलेला, २०२३ मध्ये त्याने ५५ टी-२० आंतरराष्ट्रीय विकेट काढल्या आणि आयसीसीच्या वर्षातल्या सर्वोत्तम टी-२० खेळाडूच्या यादीत चार नावांत आला. पुरस्कार सूर्यकुमारला मिळाला, तोही मुंबईचाच!

पण टीम नुसती भारत-पाकिस्तानातून आलेल्यांची नाही. कॅप्टन ब्रायन मसाबा, न्सुबुगा, कंपालाच्या नागुरू झोपडपट्टीत वाढलेला फास्ट बॉलर जुमा मियागी. युगांडात शाळांमधलं क्रिकेट जुनं आहे, बुसोगा कॉलेज म्विरीसारख्या शाळांतून पिढ्यानपिढ्या पोरं आली. स्वातीताई म्हणतात ते इथे उलट्या बाजूने सिद्ध होतं. वर्ल्डकपला वेस्ट इंडीजविरुद्ध ३९ आणि न्यूझीलंडविरुद्ध ४० ला ऑलआऊट झाले हे खरं, पण शाळांचा पाया आहे म्हणून ही टीम दहा वर्षांनीही असेल असं मला वाटतं.

नामिबियाचं गणित वेगळं, देश लहान, खेळाडू मोजके, पण बोर्ड स्थिर, वर्षानुवर्षं शेजारच्या साऊथ आफ्रिकेच्या डोमेस्टिक स्पर्धांत खेळायला मिळालं आणि 'क्वाटा' नावाने शाळांत मिनी क्रिकेट चालवलं. २०२२ ला जिलाँगला श्रीलंकेला ५५ रनांनी हरवलं ते आभाळातून नाही पडलं.

मृद्गंध

रवांडाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते, मला त्यांचं फार कौतुक आहे.

१९९४ च्या नरसंहारानंतर युगांडा, केनियातून जे निर्वासित परतले ते क्रिकेट बरोबर घेऊन आले, १९९९ ला असोसिएशन झाली. पहिली कित्येक वर्षं किगालीत ज्या शाळेच्या मैदानावर खेळायचे त्याच जागेवर १९९४ ला हजारो लोकांना मरणाच्या तोंडी सोडलं गेलं होतं. खेळायला दुसरी जागाच नव्हती. मग स्वतःचं स्टेडियम हवं म्हणून पैसे गोळा करायला त्यांचा कॅप्टन एरिक दुसिंगिझिमाना मे २०१६ मध्ये नेटमध्ये ५१ तास सलग बॅटिंग करत उभा राहिला, गिनीज रेकॉर्ड! आणि आधीचा रेकॉर्ड कोणाचा होता सांगा? पुण्याच्या विराग मारेचा, ५० तासांचा, डिसेंबर २०१५ चा. पुण्याचा रेकॉर्ड मोडून किगालीत स्टेडियम उभं राहिलं, ऑक्टोबर २०१७ ला गहंगाचं उद्घाटन झालं.

तिथे दरवर्षी जूनमध्ये नरसंहारात गेलेल्यांच्या स्मरणार्थ 'क्विबुका' नावाची महिलांची टी-२० स्पर्धा होते, २०१४ पासून. आजूबाजूच्या देशांच्या महिला टीम तिथे खेळून खेळून तयार झाल्या. जानेवारी २०२३ ला मुलींचा पहिला अंडर-१९ वर्ल्डकप झाला त्यात रवांडाने झिम्बाब्वेला आणि वेस्ट इंडीजला हरवलं, हेन्रिएट इशिम्वेने चार बॉलमध्ये चार विकेट. जानेवारी २०२५ ला मलेशियात नायजेरियाच्या मुलींनी न्यूझीलंडला दोन रनांनी हरवलं, ६५ करून! केनियाचा २००३ चा चमत्कार पुरुषांच्या एका पिढीचा होता, आता जे चाललंय ते चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींपासून चाललंय, आणि म्हणून मला ते जास्त टिकाऊ वाटतं.

सोलापूरचा_ऑफस्पिनर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर येईल असं वाटलं नव्हतं. स्वातीताई, एक विचारायचं होतं, आत्ता तिकडे केनियाच्या टीमबद्दल लोकांना काय वाटतं? काही आशा आहे का? आणि या क्वालिफायर मॅचेस बघायच्या कुठे?

नैरोबीची_स्वाती

आशा आहे हो. २०२५ ला हरारेला रिजनल फायनल झाली त्यात केनिया सेमीफायनलपर्यंत गेली होती, म्हणजे २०२६ च्या टी-२० वर्ल्डकपपासून एक मॅच लांब. समोर झिम्बाब्वे आली, हरलो. इथे त्या दिवशी क्लबमध्ये मोबाइलभोवती पंधरा-वीस जण जमले होते, त्यात माझा मुलगा आणि त्याचे मित्रही, टिकोलोला खेळताना न बघितलेली पोरं सगळी.

अंडर-१९ ची मुलं-मुली पूर्वीपेक्षा जास्त शाळांतून येतायत, नैरोबीबाहेरचीही थोडी आहेत आता. बोर्डाचं मात्र अजून काही खरं नाही.

क्वालिफायर आयसीसीच्या स्वतःच्या स्ट्रीमिंगवर दिसतात बऱ्याचदा. कॅमेरे कमी असतात, कॉमेंट्री साधी असते, पण बघा नक्की. २०२७ चा वनडे वर्ल्डकप साऊथ आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे, आणि यजमान असूनही नामिबियाला क्वालिफाय व्हावं लागणार आहे, यजमान म्हणून थेट प्रवेश फक्त दोन फुल मेंबरना.

पूर्व_स्टँड

हे तर मला आत्ता कळलं! स्वतःच्या घरात वर्ल्डकप आणि दारात उभं राहून तिकीट काढायचं? नामिबियाच्या क्वालिफायरच्या तारखा आल्या की इथेच टाका कोणीतरी, मी एकूण एक मॅच बघणार.

आकडेमोड

टाकतो काका. वेगळा धागाच काढू.